दशांशापुढची दोन घरं

"तुमचा आकडा खोटा आहे," रूपेश फोनवर ओरडला. "मागच्या दाराची चौकट वाकडी झालीय. दार लावायला दोन माणसं लागतात आणि तुमचं यंत्र रोज सकाळी म्हणतंय शून्य. ताई, तू तिथे बसून करतेस तरी काय?"

"पावसात लाकूड फुगतं रे."

"दार लोखंडी आहे!"

मयूरी भुवडनं फोन दुसऱ्या कानाला लावला. पुण्यात राज्याच्या डोंगर निरीक्षण केंद्रात ती सहा वर्षं विदासंग्रह, म्हणजे आकड्यांचा डेटाबेस, सांभाळत होती. सह्याद्रीच्या उतारांवरच्या तीनशेहून अधिक वाड्यावस्त्यांची मोजमापं तिच्या तक्त्यांमध्ये येऊन पडत. त्यातलीच एक वस्ती खैरदांड, तिचं माहेर. धाकट्या भावानं तिथे वडिलांच्या जागेत पर्यटकांसाठी सहा खोल्या बांधल्या होत्या, आणि बांधायच्या आधी तिलाच विचारलं होतं, "ताई, बांधू ना?" तिनं तक्ता पाहून सांगितलं होतं, "बांध. शून्य आहे."

"बघते," ती म्हणाली.

"बघच," म्हणून त्यानं फोन आपटला.

शून्याला अशी किंमत येण्यामागे आठ वर्षांपूर्वीचा एक पावसाळा होता. त्या वर्षी चार गावं मातीखाली गेली आणि सरकारनं डोंगर कायदा केला. प्रत्येक धोकादायक उतारावर काचेची तार पुरली. केसाएवढी बारीक, मैलोन् मैल लांब. तारेच्या एका टोकानं प्रकाशाचा ठोका सोडायचा आणि तो तारेतून परतताना किती बदलला ते पाहायचं. जमीन जिथे सरकते तिथे तार ताणली जाते, आणि ताणलेली तार प्रकाश किंचित वेगळा परत पाठवते. त्या फरकावरून डोंगर किती हलला हे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत कळतं. तारेला जोडलेला वस्तीशेजारचा डबा वाऱ्याची, गुरांची, गाड्यांची थरथर गाळून टाकतो आणि उरलेला आकडा पुण्याला पाठवतो. लोकांनी त्याला आपलं नाव दिलं, सरक. तीस दिवसांची सरक पन्नास मिलिमीटरच्या वर गेली, की वस्तीत भोंगा वाजतो आणि तालुक्याहून गाड्या निघतात. पंचवीसच्या वर गेली तर वस्ती पिवळी होते आणि नवीन बांधकाम, पर्यटकांचे परवाने, सगळं थांबतं.

पूर्वी तहसीलदार पाऊस पाहून, माणसांशी बोलून, अंदाजानं गाव हलवायचे. कधी अंदाज चुकायचा, लोक शिव्या घालायचे. कायद्यानं ती कटकट संपवली. आता आकड्याशिवाय कोणी कोणाला घराबाहेर काढू शकत नव्हतं. माणसं उठल्यावर चहाआधी सरक पाहत. शाळा कुठे बांधायची, मुलगी कुठल्या गावात द्यायची, सगळं सरकेवर ठरू लागलं. शून्याच्या गावाचा रुबाब वेगळाच असे.

त्या दुपारी मयूरीनं खैरदांडचा तक्ता उघडला. दर मिनिटाला एक नोंद, फेब्रुवारीपासून एकही गहाळ नाही. तिचं काम तेच होतं, नोंद गहाळ होऊ न देणं. जिथे नोंद येत नाही तिथे रिकामी जागा राहते, लाल दिवा लागतो, कोणीतरी डबा दुरुस्त करायला जातं. शून्याचं तसं नसतं. रिकामी जागा म्हणते, मला माहीत नाही. शून्य म्हणतं, मी पाहिलं, हललं नाही. पडदाभर साक्षीदार उभे होते आणि सगळे एकच सांगत होते: ०.००, ०.००, ०.००.

ती खाली सरकत राहिली. मग थांबली. डोंगर पाच महिने इतका गप्प कसा? उन्हात तापलेला खडकसुद्धा थोडा फुगतो.

डब्यांकडून येणारे मूळ संदेश तक्त्यात शिरण्याआधी एका वेगळ्या कोठारात पस्तीस दिवस पडून राहतात, मग पुसले जातात. ते उघडून पाहायची वेळ सहसा कोणावर येत नसे. मयूरीनं खैरदांडचा एक संदेश उघडला. ०.००१०४२. दुसरा उघडला. ०.०००९९७. तिसरा. चौथा.

तिनं संदेश आणि तक्ता शेजारीशेजारी लावले.

तक्ता आठ वर्षांपूर्वी बनवला तेव्हा डबे दिवसातून एकदाच सरक पाठवत. दिवसाची सरक, दशांश चिन्हापुढे दोन घरं. तेवढी पुरेशी होती. यंदा फेब्रुवारीत डबे बदलले, आणि दर मिनिटाला गेल्या मिनिटापेक्षा किती फरक पडला ते येऊ लागलं. केंद्रात समारंभ झाला, पेढे वाटले गेले. तक्त्यातला रकाना मात्र तोच राहिला, दोन घरांचा. मिलिमीटरचा एक हजारावा भाग त्या दोन घरांत मावत नाही. संग्रह तक्रार करत नाही, लाल दिवा लावत नाही, मुकाट्यानं जवळच्या आकड्याला नेऊन बसवतो. ०.००१ चा जवळचा आकडा शून्य. ०.००४ चाही शून्यच. आणि शून्यांची बेरीज हजार वेळा केली, लाख वेळा केली, तरी शून्य. तासातासानं घड्याळाकडे पाहणाऱ्याला तासकाटा सरकलेला दिसतो. टक लावून बसणारा शपथेवर सांगेल की काटा जागचा हलला नाही. केंद्रानं नजर तीक्ष्ण केली होती आणि त्याच दिवशी आंधळं झालं होतं.

तिनं खैरदांडच्या मूळ आकड्यांची तीस दिवसांची बेरीज केली. त्रेचाळीस मिलिमीटर.

मग तिनं सगळ्या वस्त्यांची बेरीज केली आणि शेजारच्या दालनातून फरहाना मुजावरला हाक मारली. फरहाना भूगर्भशास्त्रज्ञ, केंद्रातली तिची एकमेव जिवाभावाची मैत्रीण. तिनं खुर्ची ओढली आणि यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"थरथर असेल का?" मयूरीनं विचारलं. "यंत्राची गडबड?"

"गडबड असती तर कधी पुढे, कधी मागे गेली असती. हे सगळं एकाच दिशेला आहे. उताराकडे." फरहानानं एका नावावर बोट ठेवलं. "पोफळधार. शहाण्णव मिलिमीटर. हा धनगरवाडा आहे ना, घाटाच्या तोंडाशी? गेल्या आठवड्यात वेग दीडपट झालाय. मयूरी, हा डोंगर निघालाय."

"मग तिथल्या माणसांना दिसत कसं नाही?"

"सगळी वाडीच एकत्र सरकत असेल तर भिंतीला तडासुद्धा जात नाही. तडा वर, रानात पडतो. तिकडे या पावसात कोण जातंय? आणि जाईल कशाला, तू रोज शून्य दाखवतेस."

तू. फरहानानं सहज म्हटलं होतं, पण मयूरीला ते चटका बसल्यासारखं लागलं.

केंद्राचे संचालक डॉ. विश्राम केळुसकर यांनी दोघींचं म्हणणं शांतपणे ऐकलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अकरा वस्त्या पन्नासच्या वर?"

"अकरा," मयूरी म्हणाली. "आणि खैरदांडसारख्या सत्तर तरी मध्ये लटकलेल्या. सर, आत्ता भोंगे वाजवायला हवेत."

"आपण समिती नेमू. आकडे तपासून घेऊ. आठवडाभरात—"

"आठवडा?"

"मयूरी, उद्या आपण जाहीर केलं की पाच महिन्यांचं प्रत्येक शून्य खोटं होतं, तर परवा आपल्या कुठल्या आकड्यावर लोक विश्वास ठेवतील? भोंगा वाजेल आणि माणसं कूस बदलून झोपतील. विश्वास गेला की यंत्रणा संपली. मला या अकरा वस्त्यांचा विचार करायचा नाहीये, सगळ्यांचा करायचाय." ते हे मनापासून बोलत होते, म्हणूनच ऐकायला भयंकर वाटत होतं. "शिवाय डबे बसवणाऱ्या कंपनीनं मार्चमध्येच सांगितलं होतं, की दिवाळीपर्यंत रकाना रुंद करून घेऊ म्हणून. ते काम ठरलेलंच आहे."

मयूरीनं हातातली यादी टेबलावर ठेवली.

"मार्चमध्ये," मयूरी म्हणाली. "तुम्हाला मार्चमध्ये माहीत होतं?"

"रकाना अपुरा पडू शकतो, इतकंच. तो बदलायचा तर कोट्यवधी नोंदी पुन्हा लिहाव्या लागतात, सेवा कितीतरी तास बंद पडते. आपल्याला अखंड सेवेचं प्रमाणपत्र तेव्हा मिळायचं होतं. उन्हाळा होता. डोंगर उन्हाळ्यात जात नाहीत."

"आणि पावसाळा आला तेव्हा?"

केळुसकरांनी चष्मा घातला. "तुझं गाव खैरदांड ना? त्रेचाळीस म्हणालीस. म्हणजे भोंग्याच्या मर्यादेच्या आत आहे. तुझी माणसं सुरक्षित आहेत. घरी जा. विश्रांती घे. उद्या बोलू."

मयूरीला पुढे अनेकदा वाटलं, की तिच्या गावाचं ते बोलले नसते तर कदाचित ती खरंच घरी गेली असती. चिडली असती, रडली असती, उद्याची वाट पाहिली असती. पण तुझी माणसं सुरक्षित आहेत, हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की ती खुर्चीतून उठून उभी राहिली. म्हणजे हिशेब असा होता तर. ज्याचा भाऊ फोन आपटू शकतो त्याचा डोंगर पाहायचा. पोफळधारच्या कोणाची बहीण केंद्रात नव्हती.

"तुम्ही त्या माणसांना खोटं सांगितलंत," ती म्हणाली. "माहीत नाही असं सांगितलं असतं तरी ती स्वतः रानात जाऊन पाहून आली असती. तुम्ही त्यांचे डोळे काढून घेतलेत आणि हातात शून्य दिलंत."

"मयूरी, बोलताना जपून."

"सहा वर्षं जपूनच बोलले, सर."

ती जागेवर येऊन बसली. जुना रकाना रुंद करायला अनेक तास लागणार होते आणि तेवढा वेळ सगळ्या वस्त्यांचे आकडे गायब झाले असते. तिनं तो रस्ता सोडला. शेजारी नवा रकाना उघडला, दशांशापुढे सहा घरांचा. कोठारातले मूळ संदेश एकेका वस्तीचे त्यात ओतायला लावले. दीड तासात काम झालं. आता एकच ओळ उरली होती. भोंग्यांनी, तालुक्यांनी आणि लोकांच्या फोननी यापुढे जुन्याऐवजी नव्या रकान्यातून वाचावं, अशी आज्ञा. तसं करायचा अधिकार तिच्या खात्याला होता. परवानगी नव्हती.

फरहाना मागे येऊन उभी राहिली होती. "फक्त पोफळधारचं करता येईल का? की सगळ्यांचंच होईल?"

"सगळ्यांचंच."

"खैरदांड पिवळं होईल. रूपेशच्या खोल्या बंद पडतील."

"माहीत आहे."

फरहाना पडद्याकडे वाकली. "बदल कोणी केला तिथे माझंही नाव घाल. भूगर्भशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानं, असं लिही."

मयूरीनं लिहिलं. मग बोट खाली गेलं.

अकरा वस्त्यांमध्ये एकाच वेळी भोंगे वाजले. उतरत्या दुपारी, धो धो पावसात. पुण्याच्या त्या दालनात काहीच ऐकू आलं नाही. नकाशावर अकरा ठिपके लाल झाले, सत्तरेक पिवळे झाले, आणि मग केंद्रातले सगळे फोन एकदम वाजू लागले. केळुसकर दारात येऊन उभे राहिले. त्यांना बदल मागे घेता आला असता. पण लाल झालेला ठिपका परत हिरवा करायचा तर कायद्यानं संचालकाला स्वतःच्या नावानं तसं लिहून द्यावं लागतं. त्यांनी लिहून दिलं नाही. मयूरीला मात्र संध्याकाळच्या आत निलंबनाचा आदेश दिला.

रूपेशचा फोन दुसऱ्या दिवशी आला. या वेळी तो ओरडला नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

"काल सहा खोल्यांतली पाहुणेमंडळी उठून गेली. आज तलाठी येऊन कुलूप घालून गेला. कर्ज माझ्या नावावर आहे, ताई."

"रूपेश, तूच म्हणाला होतास ना, आकडा खोटा आहे म्हणून? तू बरोबर होतास."

"मी दाराचं बोललो होतो. तू घर घेतलंस. बांधायच्या आधी मी तुला विचारलं होतं. तेव्हा हा त्रेचाळीस कुठे होता?"

"तेव्हा खरंच शून्य होतं रे. जुने डबे दिवसाला एकदा—"

"मला नको सांगूस ते," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्यानंतर त्यानं तिचे फोन उचलले नाहीत.

पोफळधारचा डोंगर भोंग्यानंतर तिसऱ्या दिवशी खाली आला. तेवीस घरं, गोठे, समाजमंदिर, वर जाणारी पाऊलवाट, सगळं चिखलात गेलं. माणसं त्याआधीच खालच्या गावच्या शाळेत हलवली होती. एक सोडून. धाकू ढेबे, वय सत्तरच्या पुढे, आदल्या दिवशी पोलिसांची नजर चुकवून म्हशींपाशी परत गेले होते.

आठवड्यानं त्याच शाळेच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला गेला. वेळेवर इशारा देणाऱ्या यंत्रणेचं कौतुक आणि विस्थापितांना मदतीचं वाटप, असं फलकावर लिहिलं होतं. मयूरीला कोणी बोलावलं नव्हतं. ती एसटीनं गेली आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. व्यासपीठावर केळुसकर होते, गळ्यात हार. खाली सतरंजीवर धनगरवाड्याची माणसं बसली होती, दान म्हणून आलेल्या, मापात न बसणाऱ्या कपड्यांत.

तिच्या शेजारी एक बाई उभी होती. पोर कडेवर, डोळे सुजलेले. "तुम्ही पेपरवाल्या का?" तिनं विचारलं.

"नाही. मी त्या केंद्रात होते. आकड्यांचं काम करायचे."

बाई तिच्याकडे वळली. "मी संगीता ढेबे. म्हातारा गेला तो माझा सासरा. मला एक सांगा. आदल्या दिवशी शून्य दाखवत होतं आणि दुसऱ्या दिवशी शहाण्णव. असं कसं? आमचे मामंजी तेच धरून बसले. म्हणाले, काल शून्य, आज शहाण्णव, डोंगर काय एका दिवसात धावत सुटला? यंत्र बिघडलंय, उद्या परत शून्य होईल. म्हशी दूध दाटल्यानं वरडत असतील. गेले." तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मीच त्यांना फोनवर आकडा वाचून दाखवायचे. रोज सकाळी. शून्य, मामंजी, शून्य."

मयूरीनं शब्द शोधले नाहीत. शोधले असते तर सौम्य शब्द सापडले असते.

"डोंगर महिनाभर तरी हलत होता आणि आमचा तक्ता पाच महिने शून्यच दाखवत होता," ती म्हणाली. "डब्याला कळत होतं. तो पुण्याला खरा आकडा पाठवत होता. आमच्याकडे लिहायला जागा कमी ठेवली होती, म्हणून बारीक आकडा शून्य होऊन बसायचा. हे मार्चमध्ये सांगितलं गेलं होतं. दिवाळीत बदलू म्हणाले."

संगीता तिच्याकडे पाहत राहिली. मयूरीला वाटलं ती आता मारेल, आणि मारलं असतं तर तिनं हात धरला नसता.

"कोण म्हणालं?"

मयूरीनं व्यासपीठाकडे पाहिलं.

केळुसकर तेव्हा ध्वनिक्षेपकाशी उभे होते. "आणि म्हणूनच," ते सांगत होते, "विज्ञानावर विश्वास ठेवणारा समाज—"

"काल शून्य आणि आज शहाण्णव कसं झालं?"

संगीताचा आवाज मोठा नव्हता, पण फाटलेला होता, आणि सभागृहभर गेला. माणसं मागे वळली. पोर दचकून रडू लागलं. ती त्याला न थोपटता सतरंज्यांमधून पुढे चालत गेली, व्यासपीठापर्यंत. मयूरी तिच्या मागोमाग गेली. केळुसकरांनी मयूरीला पाहिलं, आणि त्यांचा हात नकळत गळ्यातल्या हाराकडे गेला.

"ताई, तुमचं दुःख मोठं आहे," ते संगीताला म्हणाले. "आपण नंतर बसून बोलू."

"आत्ता बोला. पाच महिने शून्य का होतं?"

"ते समजायला जरा अवघड आहे. तांत्रिक बाब आहे."

"मग तांत्रिकच सांगा," संगीता म्हणाली आणि व्यासपीठासमोर, पहिल्या रांगेच्याही पुढे, जमिनीवर मांडी घालून बसली. तिच्या मागे एकेक करून अख्खा धनगरवाडा पुढे सरकून बसला. "सावकाश सांगा. आम्हाला घरी जायची घाई नाही."